गाईड शोधता शोधता गूगल स्कॉलर: एका परभणीकराचा रिव्ह्यू

मोबाईल, मिक्सर, हॉटेल यांचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, मी गूगल स्कॉलर या फुकटच्या वेबसाईटचा टाकायलोय (शोधनिबंध, म्हणजे आमच्या भाषेत पेपर, शोधायची साईट), कारण मागचे चार महिने रोज रात्री जेवण झालं की मी तिच्यावरच बसलेलो असतो आणि घरचे म्हणायलेत की हा ज्या डॉक्टरांचे पेपर वाचतो त्यांच्याकडंच आता ह्याला दाखवायची वेळ आली.

विषय असा की मला पीएचडी करायचीय. मी सायकॉलॉजी शिकवतो, सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणं पैसे, तेही कधी मिळतील ते मिळतील. टॉपिक डोक्यात पक्का आहे, कापूस-सोयाबीनवाल्या घरातल्या बायांचं डिप्रेशन. शेतकऱ्यावर थोडंफार तरी लिहिलं जातं, त्याच्या मागं राहिलेल्या बाईला कोण विचारतंय. पण गाईड पाहिजे ना. युनिव्हर्सिटीच्या लिस्टमधे नावं असतात, त्यातलं कोण खरंच काम करतंय आणि कोण निस्तं सही करतंय हे लिस्टवरून कळत नाही. यूजीसीचा २०२२ चा नियम म्हणतो की प्रोफेसर आणि असोसिएट प्रोफेसरला गाईड व्हायला कमीत कमी ५ पेपर लागतात, असिस्टंट प्रोफेसरला ३. आता ५ पेपर म्हणजे काय हो, ५ कसे, कुठं छापलेले, कुणी वाचलेले, ते बघायचं तर कुठं बघायचं?

मामाला विचारलं. मामा झेडपीचे रिटायर मास्तर, लातूर पॅटर्नच्या जमान्यातले, त्यांचं उत्तर तयार होतं. "मार्कांचा मेमो बघ की त्यांचा. ज्याला मार्क जास्त त्याला धर." मामांना मी सांगितलं की प्राध्यापकांचाही असा मेमो असतोय म्हणून, इंटरनेटवर, सगळ्यांना दिसतो, तर ते चकितच झाले. "मग बघ ना, कामून थांबलास?"

तर तो मेमो म्हणजे गूगल स्कॉलरचं प्रोफाइल पान. स्कॉलर २००४ ला आलं, अनुराग आचार्य म्हणून आयआयटी खरगपूरचे इंजिनिअर आणि त्यांचा सहकारी या दोघांनी उभं केलं, आणि संशोधकांची स्वतंत्र प्रोफाइल पानं २०११ पासून सुरू झाली. एक रुपया लागत नाही. उजव्या बाजूला एक छोटा चौकोन, त्यात तीन आकडे: एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, आय-टेन इंडेक्स. खाली वर्षावार उभ्या पट्ट्यांचा ग्राफ. डाव्या बाजूला पेपरची यादी, सगळ्यात जास्त सायटेशनवाला सगळ्यात वर. दिसायला अगदी स्वच्छ, जाहिरात नाही, मोबाईलवरही नीट उघडतं, लाईट गेली अन् टॉवरला दोनच कांड्या असल्या तरी उघडतं. इथपर्यंत पाचपैकी पाच स्टार.

ज्यांना माहीत नसंल त्यांच्यासाठी, सायटेशन म्हणजे दुसऱ्यानं आपल्या पेपरात तुमच्या पेपरचा संदर्भ दिला की एक. एच-इंडेक्स हे खोर्खे हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं २००५ मधे काढलेलं गणित आहे, एच-इंडेक्स १० म्हणजे तुमचे १० पेपर असे आहेत की प्रत्येकाला कमीत कमी १० सायटेशन. म्हणजे एकच पेपर हजारदा गाजला आणि बाकी सगळे पडून आहेत तर एच-इंडेक्स १. मामांना मी असं सांगितलं की गावात दहा माणसं अशी पाहिजेत ज्यांच्या लग्नात कमीत कमी दहा गाड्या आल्या. आय-टेन तर सोपं, १० किंवा त्याहून जास्त सायटेशन असलेले पेपर किती, ते मोजायचे, झालं.

आता खरी गंमत पुढं.

पहिल्या आठवड्यात मी मामांच्याच पद्धतीनं गेलो, आकडा बघायचा अन् वही काढून लिहायचा. दहा-बारा नावं लिहिली. मग मला कळलं की आपण सायकियाट्री आणि क्लिनिकल सायकॉलॉजीचे आकडे बघायलोय पण या फील्डचा एक वेगळाच घोळ आहे. इथं सगळ्यात जास्त सायटेशन कशाला पडतात माहितीय का? शोधाला नाही, उपचाराला नाही, प्रश्नावलीला. हॅमिल्टनची डिप्रेशनची स्केल १९६० ची, बेकची डिप्रेशन इन्व्हेंटरी १९६१ ची, फोलस्टाइन यांची एमएमएसई १९७५ ची (ही स्मरणशक्ती वगैरे तपासायची), पीएचक्यू-९ ही परत डिप्रेशनची, २००१ ची. जगातला कुठलाही माणूस डिप्रेशनवर एमएचा प्रोजेक्ट जरी करायला बसला तरी यातली एक वापरणार आणि वापरली की सायटेशन देणार. ते हजारोंनी वाढत जातं. तराजू बनवणाऱ्याचं नाव प्रत्येक पावतीवर छापावं तसं आहे हे. तराजू चांगलाच आहे हो, पीएचक्यू-९ मी स्वतः वापरणार, ९ प्रश्न, मागच्या २ आठवड्यांबद्दल, मार्क ० ते २७, फुकट वापरता येते, बेकच्यासारखे पैसे मोजावे लागत नाहीत. पण तराजूवाल्याचा आकडा बघून तोच सगळ्यात मोठा व्यापारी असं म्हणायचं का?

आणि आकडा मोठा म्हणजे काम खरं, हेही नाही. हान्स आयसेंक घ्या, आपल्या सिलॅबसमधे पानंच्या पानं आहेत त्यांच्यावर, पर्सनॅलिटीचा चॅप्टर आयसेंकशिवाय होत नाही. १९९७ ला वारले तेव्हा सगळ्यात जास्त सायटेशन असलेल्या मानसशास्त्रज्ञांत त्यांची गणती होती. त्यांनी एका सहकाऱ्यासोबत असं लिहून ठेवलेलं की माणसाच्या स्वभावावरून कॅन्सर होणार का हार्टचा आजार होणार ते सांगता येतं. २०१९ मधे लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीनं त्यातले २६ पेपर "असुरक्षित" म्हणजे भरवसा न ठेवण्यासारखे ठरवले, काही पेपर नंतर जर्नलांनी मागे घेतले. आता सांगा, पेपर मागे घेतला म्हणून सायटेशन कमी होतात का? नाही होत. उलट तो चुकीचा कसा हे लिहिणाऱ्यानंही संदर्भ दिला की एक वाढतंच. शिव्या पण मोजल्या जातात हो इथं, टाळ्यांसारख्याच.

नावाचं प्रकरण तर आपल्याकडं अजूनच अवघड. जाधव, पवार, शिंदे, देशमुख. एस. जाधव म्हणून शोधा, एक स्किझोफ्रेनियावाला, एक कपाशीच्या बोंडअळीवाला, एक सिमेंटच्या ताकदीवाला, सगळे एका रांगेत. प्रोफाइल ज्याचं त्यानं साफ ठेवायचं असतं, साईट सुचवते की हे पेपर तुमचे का, आपण हो म्हणलं की जमा. मी माझं स्वतःचं पान उघडलं (माझे दोनच पेपर आहेत, हसू नका) आणि घाईत सगळ्याला हो म्हणून बसलो, तर सकाळी उठून बघतो तर मी मत्स्यपालनाचा पण तज्ज्ञ. चूक माझीच, न वाचता बटण दाबलं. अर्ध्या तासात काढून टाकलं. पण न काढता तसंच ठेवणारे किती असतील याचा विचार करा. बायांचं तर वेगळंच, लग्नाआधीचे पेपर माहेरच्या नावावर, नंतरचे सासरच्या, आणि मेमो दोन तुकड्यांत. त्यासाठी २०१२ पासून ऑर्किड नावाचा १६ अंकी नंबर मिळतोय फुकट, आधार कार्डासारखा, नाव बदललं तरी नंबर तोच. काढून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

मग आमच्या वहीत टॉपला असलेलं एक नाव मी नीट उघडून बघितलं. ग्राफची शेवटची पट्टी एवढी उंच की पाण्याची टाकीच. आत गेलो, सायटेशनच्या आकड्यावर क्लिक केलं (हे कुणी करत नाही, सगळे आकडा बघून परत फिरतात, आणि या साईटचा सगळा जीव त्या क्लिकमधे आहे), तर संदर्भ देणारे पेपर सगळे एक-दोन जर्नलांतले, एकाच महिन्यातले, आणि विषय कुठलाही, डिप्रेशनचा पेपर टोमॅटो वाळवायच्या पेपरात कशाला लागला असंल?

उत्तर मला युनिव्हर्सिटीजवळच्या एका दुकानात मिळालं. नाव लिहीत नाही, झेरॉक्स, बाईंडिंग, थिसिस टायपिंग असा बोर्ड आहे, असली दुकानं आता प्रत्येक शहरात आहेत. मी सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीचा आराखडा, टाईप करायला गेलतो. काउंटरवरचा पोरगा एकदम अदबीनं, "सर बसा, पाणी घ्या" वगैरे, आणि मग एक लॅमिनेट केलेलं रेटकार्ड पुढं सरकवलं. पेपर छापून देणं वेगळं, स्कोपसमधे (निवडक जर्नलांचा डेटाबेस) छापून देणं वेगळं, आणि सगळ्यात खाली "सायटेशन पॅकेज". मी म्हणलं हे काय असतंय? तर म्हणे "तुमच्या पेपरला सायटेशन लावून देऊ सर, प्रोफाइल भरलेलं दिसतं, इंटरव्ह्यूला इम्प्रेशन पडतं." म्हणलं अरे यूजीसीनं २०१८ ला एका झटक्यात ४३०५ जर्नलं मान्य जर्नलांच्या यादीतून काढली होती, मग केअर लिस्ट नावाची नवी यादी आणली, २०२५ मधे तीपण बंद केली, तुमचा धंदा कसा चालतो? तर शांतपणे, "लिस्ट येते जाते सर, गरज राहतेच." गुत्तेदारी असावी तर अशी. या दुकानाला टायपिंगसाठी पाचपैकी चार (मराठी शुद्धलेखन भयंकर), बाकीच्या सेवेसाठी वजा पाच. सिनॉप्सिसचे पैसे दिले आणि निघालो, पाणी मात्र थंड होतं.

हे आपल्याकडंच आहे असं नाही बरं का. २०१० ला फ्रान्समधल्या सिरिल लाबे नावाच्या माणसानं कॉम्प्युटरकडून अर्थहीन पेपर लिहून घेऊन आईक अंतकरे नावाचा एक बनावट शास्त्रज्ञ तयार केला, स्कॉलरवर त्याचा एच-इंडेक्स ९४ झाला, आइनस्टाइनच्या पुढं. (अंतकरे हे आडनाव आपल्याकडचंच वाटतं ना, मूळ ते इंग्रजीतली कोटी आहे, "मला फरक पडत नाही" असा उच्चार.) आणि २०२४ मधे तर अमेरिकेतल्या एका संशोधकानं आपल्या आजीच्या मांजराच्या नावावर १२ पेपर आणि १३२ सायटेशन चढवून दाखवले. मांजराचं नाव लॅरी. मी मामांना सांगितलं तर मामा म्हणले, "मग त्याला गाईड कर, सही तरी लवकर मिळंल."

दरवर्षी पेपरात ती बातमी येते ना, जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांत आमचे अमुक सर, आणि चौकात फ्लेक्स, जगात जर्मनी भारतात परभणी. ती यादी स्टॅनफर्डच्या जॉन इओनिडिस यांच्या टीमची, आणि ती स्कॉलरवरून नाही तर स्कोपसवरून बनते, त्यात स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ धरून आणि वगळून असे दोन्ही हिशोब दिलेले असतात. फ्लेक्सवर कोणता हिशोब छापलाय ते विचारायला पाहिजे, पण कोण विचारणार, हार घालून झालेले असतात.

स्कोपसबद्दल थोडंच. लेखकाचं नाव टाकून वरवरचं फुकटात बघता येतं, आत जायला पैसे, आपल्या कॉलेजांना ते परवडत नाही. आकडा स्कॉलरपेक्षा कमी दिसतो कारण स्कॉलर पुस्तकं, थिसिस, न तपासलेले पेपर सगळं मोजतं. वैद्यकीय बाजूचं काही असंल तर पबमेड बघाच, अमेरिकेची सरकारी साईट, फुकट, कचरा कमी. आणि आपल्या युनिव्हर्सिट्यांच्या थिसिस शोधगंगा या साईटवर आहेत, तिथं गाईडच्या नावानं जाऊन त्यांच्या विद्यार्थ्यांनी काय लिहिलंय ते वाचा, मेमोपेक्षा जास्त कळतं. एका ठिकाणी मला तीन थिसिसची प्रस्तावना शब्द न् शब्द सेम दिसली, जिल्ह्याचं नाव तेवढं बदललेलं, तेही एका ठिकाणी बदलायचं राहिलेलं.

आता एवढं बोलून मी साडेतीन स्टार का देतोय ते सांगतो, कारण याच साईटनं मला माझा विषय दिला.

झालं असं की विक्रम पटेल यांच्या पानावर होतो, मुंबईत जन्मलेले सायकियाट्रिस्ट, गोव्यात संगत ही संस्था काढलेली, त्यांचा २०१७ चा लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधला पेपर. गोव्याच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन त्यांच्याकडून डिप्रेशनच्या पेशंटला ६ ते ८ बैठका द्यायच्या, आणि फरक पडतो का ते मोजायचं. पडला. मी म्हणलं गोवा वेगळं, आपलं वेगळं. पण "यांनी संदर्भ दिला" त्याच्यावर क्लिक करत करत, एकातून दुसऱ्यात, रात्रीचा दीड वाजला, आणि एकदम समोर अमरावती! विश्राम नावाचा गावपातळीवरचा मानसिक आरोग्य प्रकल्प, राहुल शिधये आणि मंडळींचा, लॅन्सेट सायकियाट्री, २०१७. विदर्भातली ३० गावं. कापसाची गावं, आपल्यासारखीच. डिप्रेशन असलेल्या शंभर माणसांतली प्रकल्पाआधी चारच माणसं उपचारापर्यंत पोचायची (४.३ टक्के), प्रकल्प आल्यावर सत्तावीस (२७.२ टक्के). मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. बायको झोपेत म्हणली काय झालं, म्हणलं अमरावती सापडली. तिला काय कळलं असंल देव जाणे.

मग मी तिथून पुढं बघायला लागलो, की याला कुणी संदर्भ दिला, आणि त्यातून मराठवाड्यावर काय आहे. २०१५-१६ चा निम्हान्सचा (बंगळुरूची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्व्हे उघडला तर १२ राज्यं, त्यात महाराष्ट्रच नाही. सरकारची चार जुनी मनोरुग्णालयं, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, त्यात मराठवाडा नाही. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प २०१५ पासून आहे, त्यात आपले जिल्हे आहेत, पण मला पाहिजे तसं बायांवरचं काम शोधताना काहीच दिसंना. एकूण सायटेशन किती हे विचारत बसलो असतो तर ही रिकामी जागा दिसली नसती.

एक ट्रिक सांगून ठेवतो, खूप जणांना माहीत नाही. पेपर उघडला आणि पैसे मागितले की परत या आणि पेपरच्या खाली "सर्व आवृत्त्या" असं बारीक लिहिलेलं असतं त्याच्यावर दाबा, बऱ्याचदा त्यात कुठंतरी फुकट पीडीएफ असते. इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री तर सगळंच फुकट वाचता येतं, आपल्या देशातल्या पेशंटवरचं आहे, तिथूनच सुरुवात करा. आणि "फॉलो" दाबून ठेवा, त्या माणसाचा नवा पेपर आला की मेल येतो.

कशासाठी वापरू नका तेही सांगतो. आत्याचा फोन आला, की पोराला झोप येत नाही, चिडचिड करतो, तू सायकॉलॉजीवाला आहेस तर चांगला डॉक्टर बघून दे. मी सवयीनं स्कॉलर उघडलं. आमच्या भागात जे डॉक्टर सकाळपासून रात्रीपर्यंत पेशंट बघतात त्यांचं प्रोफाइलच नाही, पेपर लिहायला वेळ कुठंय त्यांना. पेशंटसाठी डॉक्टर बघायचा तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असंल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नंबर विचारा, आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं असंल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाईन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. आत्याला तेच सांगितलं.

गाईडचं शेवटी काय झालं? वहीत सगळ्यात खाली असलेलं नाव. एच-इंडेक्स एवढा छोटा की मामांनी चष्मा काढून पुसला. पण पेपर उघडून बघितले तर सगळे एकाच विषयाच्या मागं लागलेले, प्रश्नावल्या मराठीत आणताना अर्थ कुठं सांडतो, आणि संदर्भ देणारे लोक वेगवेगळ्या गावचे, वेगवेगळ्या वर्षांचे, आणि खरंच वाचून दिलेले. मेल टाकला, तिसऱ्या दिवशी उत्तर, शनिवारी या.

गेलो. मॅडमनी सिनॉप्सिस बाजूला ठेवला, पीएचक्यू-९ चं माझं मराठी भाषांतर घेतलं आणि दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. "'उदास वाटणे' लिहिलंत तुम्ही. तुमच्या गावातली बाई असं म्हणती का कधी?"

मी म्हणलं नाही मॅडम, ती म्हणती जीव लागंना कशात.

"मग तेच लिहून आणा, आणि ज्यानं इंग्रजी मूळ बघितलं नाही अशा माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्या. मंगळवारी या."